डबे राहू द्यात, आधी किराण्याची यादी काढा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला फ्लॅट, घरात पाच माणसं, प्लास्टिकच्या डब्यांची लहानपणापासून हौस. ट्रॉल्या भरल्या, माळाही भरला, तरी नवा सेट दिसला की हात पर्सकडे जातो. सासूबाई म्हणतात, प्लास्टिकनं आजार होतात, सगळं स्टीलमध्ये हलव. यात खरं किती, कुठले डबे ठेवायचे, कुठले काढायचे, आणि हळदीचे डाग न् चटणीचा वास जात नाही त्याचं काय करायचं?

ताई, हौस सोडा असं मी सांगणार नाही. मी सांगली-मिरजेत बरीच वर्षं भिशीत आणि हळदीकुंकवाला डबे विकले, आता लोकांची स्वयंपाकघरं लावून देते. एका मापाचे डबे ओळीनं लागले, झाकण टक्कन बसलं, आतली तूरडाळ बाहेरून दिसली की बरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त हा माल विकला कसा जातो ते एकदा समजून घ्या. अमेरिकेत अर्ल टपर यांनी १९४६ मध्ये घट्ट झाकणाचे डबे बाजारात आणले, पण दुकानात ते फारसे उठेनात. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कुणी दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. मग ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी घरोघरी बायका जमवून ते दाखवायला सुरुवात केली. माल इतका खपला, की १९५१ पासून कंपनीनं दुकानं सोडून दिली आणि घरगुती बैठकांतूनच विक्री चालवली. टपरवेअर भारतात आलं १९९६ मध्ये. आपल्याकडे भिशी तयारच होती, बैठक वेगळी जमवावी लागली नाही. त्याच कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, पण दाखवून विकायची ती रीत आता फोनच्या पडद्यावर आली आहे.

तर मुद्दा असा, की डबा दाखवतात तेव्हा तो रिकामा असतो, किंवा दिसायला छान अशा राजम्यानं भरलेला असतो. राजमा तुमच्या घरी महिन्यातून किती वेळा होतो? तुम्ही रिकामा डबा विकत घेता आणि घरी आल्यावर त्यात काय भरायचं ते शोधता. हे उलटं करायचं. यादी आधी, डबा नंतर.

महिन्याची किराण्याची यादी घ्या आणि प्रत्येक जिन्नस एका वेळी किती येतो ते लिहा. मग त्याला जागा किती लागते ते बघा. बहुतेक घरांचा गोंधळ इथेच आहे. डब्यावर लिटर लिहिलेलं असतं, पिशवीवर किलो. एक किलो तांदूळ, तूरडाळ किंवा साखर साधारण सव्वा लिटर जागा खाते. एक किलो शेंगदाणे दीड लिटरच्या थोडं वर जातात, रवा दीड लिटरच्या आत बसतो. गव्हाचं पीठ किलोला पावणेदोन ते दोन लिटर, बेसनही जवळपास तेवढंच. जाड पोहे अर्धा किलोला दीड लिटर धरा. मीठ उलट, किलोला लिटरभरही लागत नाही. आणि चुरमुऱ्यांचं सांगायलाच नको, किलोला दहा लिटरच्या पुढे. भडंग करणाऱ्या घरात म्हणूनच एक मोठा हलका डबा लागतोच, त्याला पर्याय नाही.

आता गंमत बघा. बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो एक लिटरचा डबा. त्यात साखरेची किलोची पिशवी ओतली की दीड-दोनशे ग्रॅम उरते. ती उरलेली साखर रबर लावून ट्रॉलीच्या कोपऱ्यात जाते. डाळीची तशीच एक पिशवी, रव्याची एक. असे दहा जिन्नस झाले की दहा डबे आणि दहा रबर लावलेल्या पिशव्या! मग बाई म्हणते डबे कमी पडतात, आणि आणखी सहा डबे आणते, तेही एक लिटरचेच. दीड लिटरचा डबा घेतला असता तर किलोची पिशवी पूर्ण बसली असती आणि वर चमच्याला जागा राहिली असती. माझं सरळ मत असं आहे, की चुरमुऱ्यांचा मोठा डबा सोडला तर पाच माणसांच्या घराला तीनच मापं पुरतात: दीड लिटर, तीन लिटर आणि मसाल्या-सुक्यामेव्याचा अर्धा लिटर. पाच आकारांचा सेट कितीही स्वस्त मिळाला तरी त्यातले दोन आकार कामाचे असतात आणि बाकीचे माळ्यावर जातात.

मापपट्टी घेऊन ट्रॉली उघडा. रुंदी आणि खोली सगळे मोजतात, उंची कुणी मोजत नाही. वरच्या ट्रॉलीच्या तळापर्यंत मोकळी उंची किती आहे ते बघा, त्यातून बोटभर वजा करा, त्याहून उंच डबा त्या ट्रॉलीसाठी घ्यायचा नाही. गोल डबे चौकोनी ट्रॉलीत लावले की जागेचा पाचवा हिस्सा नुसता फटींत जातो, हे भूमितीच आहे. तरी मी पिठासाठी गोल डबाच सुचवते. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात पीठ चिकटून राहतं, धुताना तिथपर्यंत बोट पोचत नाही, आणि किडीची सुरुवात त्या कोपऱ्यातून होते. डाळी-कडधान्यं चौकोनीत, पिठं गोलात. नावाची चिठ्ठी ट्रॉलीत ठेवायच्या डब्याला झाकणावर लावा, फळीवरच्या डब्याला पुढून. वरवर किरकोळ वाटतं, पण बेसन समजून मक्याचं पीठ पिठल्याला लावल्यावर कळतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या निम्म्या बरोबर आहेत. गरम, तेलकट आणि महिनोन्‌महिने मुरणारं अन्न प्लास्टिकमध्ये नको, इथे त्यांचंच ऐका. पण कोरडी डाळ, तांदूळ, पोहे, साबुदाणा यांना चांगल्या प्लास्टिकचं काहीही वावडं नाही. आणि मिठाला तर स्टीलच नको. पावसाळ्यात ओलसर झालेलं मीठ स्टीलला बारीक बारीक खड्डे पाडतं, डब्याचा तळ बघा म्हणजे पटेल. मीठ, चिंच, आमसुलं ही प्लास्टिक, काच किंवा चिनी मातीच्या बरणीचीच गिऱ्हाइकं. स्टीलच्या डब्यात आतलं दिसतही नाही, त्यामुळे संपलेलं कळतं ते फोडणी तडतडायला लागल्यावर.

चांगलं प्लास्टिक ओळखायचं कसं? डबा उलटा करा. तळाला बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, घरात साठवणीला सगळ्यात भरवशाचं. दोन आणि चार म्हणजे पॉलिथिलीनचे प्रकार, हेही ठीक. एक म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्या आणि पारदर्शक बरण्यांचं प्लास्टिक. कोरड्या जिनसांना उत्तम, पण गरम पाणी ओतलं की आक्रसतं. तीन आणि सहा स्वयंपाकघरात नकोत. सात म्हणजे इतर सगळं, त्यात पॉलिकार्बोनेटही येतं, ज्यातून बिस्फेनॉल ए नावाचं रसायन अन्नात उतरण्याची शंका असते. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांना आपल्याकडे भारतीय मानकानं २०१५ पासून ते बंद केलं. शेजारी पेला आणि काट्याचं चिन्ह असेल तर तो डबा अन्नासाठी बनवलेला आहे. ज्याच्या तळाला काहीच नाही, रंग गडद आहे आणि उन्हात ठेवल्यावर प्लास्टिकचाच वास येतो, तो कितीही सुबक असला तरी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवा. अन्नाच्या वेष्टनांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा त्यांत किलोला ६० मिलिग्रॅम ठेवली आहे. निनावी डब्याला असली परीक्षा कोण देतंय?

इथे गावाकडची एक सवय सांगायलाच हवी. रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि रसायनांचे निळे पिंप धुऊन त्यात जोंधळा, गहू भरतात. बादली दणकट असते, झाकण घट्ट बसतं, सगळं कबूल. पण प्लास्टिक आधीचा माल शोषून घेतं आणि धुण्यानं तो निघत नाही. झाडं लावा त्यात. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे त्या मानानं निरुपद्रवी आहेत. ते अन्नाचेच असतात, पण पातळ असतात. फ्रीजमध्ये वाटलेलं खोबरं किंवा सोललेला लसूण ठेवायला चालतील, गरम आमटीला नाही.

गरमावरून मायक्रोवेव्ह आलाच. डब्यावर मायक्रोवेव्हला चालेल असं लिहिलेलं असतं, त्याचा मुख्य अर्थ डबा वितळणार नाही, वाकणार नाही एवढाच धरा. पाणीदार पदार्थ शंभर अंशांच्या आसपास थांबतो, पण तेलाचा तवंग त्याच्या वर जातो, म्हणून मटणाचा रस्सा गरम केलेल्या डब्याला आतून खरखरीत रेघ पडते. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवल्यावर काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून चाळीस लाखांवर सूक्ष्म प्लास्टिक कण सुटू शकतात. ते पोटात गेल्यावर नेमकं काय होतं याचा अभ्यास चालू आहे, पण काचेचं भांडं शेजारी असताना तो प्रयोग आपल्या घरी कशाला? उरलेलं अन्नही स्टीलमध्येच काढा. स्टील लवकर निवतं, म्हणजे ते लवकर फ्रीजमध्ये जातं. मुलांच्या डब्यातली पोळीही तशीच, गरम पोळी प्लास्टिकमध्ये घामेजून ओली होते.

आता डाग आणि वास. हळदीतला पिवळा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. आमटीतलं तेल प्लास्टिकमध्ये शिरतं आणि रंगाला बरोबर घेऊन जातं, म्हणून घासून काही होत नाही. उलट तारेच्या घासणीनं चरे पडतात आणि पुढच्या वेळी डाग खोल बसतो. मात्र हा रंग उजेडाला टिकत नाही. डबा साबणानं धुऊन, राहिलेलं तेल पुसून काढून, दुपारच्या उन्हात गच्चीवर उलटा न ठेवता उताणा ठेवा. दोन-तीन दिवसांत डाग फिका पडतो. हीच गोष्ट उलट बाजूनंही लक्षात ठेवा: ज्या उजेडानं डाग जातो, त्याच उजेडानं खिडकीतल्या पारदर्शक बरणीतली हळद पांढुरकी होते. हळदीच्या बाजारपेठेत राहून फिकी हळद वापरायची म्हणजे कमालच. हळद आणि तिखट अंधारात.

कांदा-लसूण चटणीचा वास मात्र उन्हानं कमी होतो, पूर्ण जात नाही. खायच्या सोड्याचा लेप रात्रभर ठेवा, धुवा, ऊन द्या, आणि तरी राहिला तर तो डबा कायमचा चटणीचा करून टाका. वर्षाची चटणी मुळात प्लास्टिकमध्ये भरूच नये. तेल, लसूण आणि वर्षभराचा मुक्काम, हे तिघं एकत्र आले की डबा चटणीचा वास घेतो आणि चटणी डब्याचा. चिनी मातीची बरणी किंवा काच, दाबून भरलेली, वर हिंगाचा खडा. रोजच्यापुरती छोट्या डब्यात काढा म्हणजे बरणी सारखी उघडावी लागत नाही.

कीड हा विषय मोठा आहे, कारण घट्ट झाकण म्हणजे कीड नाही असं सगळ्यांना वाटतं. रव्यातल्या जाळ्या, तांदळातले सोंडे बाहेरून येत नाहीत, बहुतेकदा अंडी दुकानातूनच आलेली असतात. तुम्ही झाकण लावून त्यांना आत कोंडता एवढंच. मग सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं कशी टिकायची? जमिनीतलं ते खोल पेव काठोकाठ भरून तोंड बंद केलं, की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर माणसं लगेच आत उतरत नसत. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. पेवाचं तत्त्व डब्यात का लागू होत नाही, तर डबा तुम्ही रोज उघडता आणि तो अर्धा रिकामा असतो. दर वेळी ताजी हवा आत जाते. म्हणून रवा, मैदा, बेसन आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पिशवीचा गारवा पूर्ण गेल्यावर, बाहेरचं दव पुसून डब्यात भरा. तूरडाळीला एरंडेल चोळा, धान्याला कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. आणि जुन्यावर नवं कधीही ओतू नका. डबा रिकामा, धुतलेला, उन्हात कडकडीत वाळलेला, मगच नवी भर. तळाशी राहिलेले जुने चार दाणे सगळ्या डब्याला किडवतात.

दमटपणाचं गणित गावागावाप्रमाणे बदलतं. पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात झाकणाची रबरी कडी कामाची, नाहीतर पापड दोन दिवसांत लोळतात. जत-आटपाडीच्या कोरड्या भागात तोच डबा धुळीपुरता हवा. तुम्ही मधल्या आहात. तुमच्या डब्यांची परीक्षा आषाढात घ्या: भाजलेला पापड आत ठेवा, दोन दिवसांनी मोडून बघा. कडकन मोडला तर त्यात वाळवणं, भडंग, चिवडा ठेवा. वाकला तर तो डबा डाळीचा. भडंग मात्र पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, आतल्या वाफेनंच ते मऊ पडतं. तासगावचे हिरवे बेदाणे बाहेर ठेवले की उन्हाळ्यात काळपट होतात, व्यापारी ते शीतगृहात ठेवतात ते उगाच नाही. घरी छोट्या घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये. आणि इडलीचं पीठ रात्री चार बाजूंनी कुलपं लागणाऱ्या डब्यात कोंडू नका, ते फुगतं आणि झाकण उडवतं.

आता काढायचे कुठले. सगळे डबे आणि सगळी झाकणं जमिनीवर मांडा, जोड्या लावा. बिनजोडीचं झाकण आणि बिनझाकणाचा डबा त्याच दिवशी बाहेर. जोड मिळेल या आशेवर काहीही ठेवायचं नाही. चरे पडून पांढुरके झालेले, चिकट लागणारे, कडेला तडा गेलेले, घासूनही प्लास्टिकचाच वास येणारे, हेही बाहेर. संक्रांतीच्या वाणात आलेले बोटभर डबे वेगळे काढा. दर वर्षी ते येणारच, आपणही तेच लुटतो. त्यातले चार-पाच प्रवासातल्या चटणी-मिठाला ठेवा, बाकीचे शिवणाच्या सामानाला, टाचण्यांना. बोहारणीकडून जुन्या साडीवर घेतलेलं टब-डबं अन्नात नकोच, त्यांच्या तळाला सहसा काही लिहिलेलं नसतं.

जे राहिले त्यातले दोन-तीन बरे डबे दाराजवळच्या कप्प्यात ठेवा, देण्याघेण्याचे म्हणून. शेजारी पुरणपोळी जाते ती याच डब्यातून जावी. स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं म्हणून ते परत येतं. प्लास्टिकवर नाव नसतं, आणि रिकामा डबा परत करायचा नाही या रीतीमुळे तो समोरच्या घरी काहीतरी चांगलं होईपर्यंत थांबतो, मग विसरला जातो. तळाला नखरंगानं घरातलं आडनाव लिहा, धुतल्यावरही टिकतं. तुमचा महागडा सेट यात कधीच जाऊ द्यायचा नाही.

आणि जुन्या सांगलीत, नदीकडच्या भागात माहेर किंवा नातेवाईक असतील तर त्यांना एवढं सांगा: पावसाळ्यात सगळ्यात खालच्या ट्रॉलीत धान्य नको, भांडी ठेवा. २०१९ च्या पुरात तरंगत राहिलेले बंद डबे बघून लोकांनी आतलं धान्य वापरायला काढलं होतं. ज्या डब्याला पुराचं पाणी लागलं, त्यातला जिन्नस झाकण कितीही घट्ट असलं तरी टाकायचा.

नवीन घ्यायचं झालंच तर आत्ता तुम्हाला दीड लिटरचे डबे लागतील, सेट नाही, सुटे. गणपती पेठेत किंवा मारुती रोडला सुटे मिळतात. जाताना ट्रॉलीची उंची कागदावर लिहून न्या आणि दुकानात डबा उभा करून मोजा. घरी आणल्यावर पाणी भरून, झाकण लावून उलटा धरा. गळला तर बिल हातात असतानाच परत करा.